दाखला काढावा की थांबावे?

मार्च २०२०च्या मध्याला गोव्यात जिल्हा पंचायत निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. मतदान २२ तारखेला व्हायचे होते. बारावीची परीक्षा चालू होती आणि दहावीची मुले एप्रिलच्या सुरुवातीच्या पेपरांसाठी पाठांतराला बसली होती. १४ मार्चला, शनिवारी, राज्य सरकारने आदेश काढला: शाळा, महाविद्यालये, कॅसिनो, जलतरण तलाव, व्यायामशाळा, सारे ३१ मार्चपर्यंत बंद. मांडवीच्या पात्रातल्या जुगाराच्या बोटी आणि पेडण्यातल्या एखाद्या वाड्यावरची दोनखणी मराठी शाळा एकाच आदेशाने बंद झाली. दोन्ही एकाच दिवशी उघडल्या मात्र नाहीत. ती हकिकत ओघाने येईलच.

पंधरा-सोळा दिवसांची सुट्टी म्हणून मुलांनी दप्तरे कोपऱ्यात टाकली. २२ मार्चचा जनता कर्फ्यू गोव्यात लांबवला गेला, २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि त्याच दिवशी राज्यात पहिले तीन रुग्ण सापडले. निवडणूक पुढे गेली. शाळाही पुढे गेल्या, आधी एप्रिलवर, मग जूनवर. पहिलीच्या मुलांसाठी तर तो 'पुढे' जवळजवळ दोन वर्षांचा ठरला. त्या दोन वर्षांत उत्तर गोव्याच्या टोकाला असलेल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतल्या घराघरांत एक हिशेब मांडला जात होता: मूल आहे त्याच शाळेत ठेवायचे, की दाखला काढून दुसरीकडे न्यायचे?

हा प्रश्न जगभरच्या आईबापांना पडला होता. अमेरिकेत त्याचा फार बोलबाला झाला, कारण तिथे सरकारी शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक हद्दींत वाटलेला असतो. तुम्ही राहता कुठे, यावर मुलाची शाळा ठरते. एका हद्दीतल्या शाळा बंद, शेजारच्या हद्दीतल्या उघड्या, खासगी शाळाही उघड्या, असे चित्र २०२०च्या शरद ऋतूत तिथे अनेक ठिकाणी होते. तेव्हा लोकांनी घरे बदलली, खासगी शाळा धरल्या, कुणी मुलांना घरीच शिकवायला घेतले. एका वर्षात अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा पट सुमारे तीन टक्क्यांनी, म्हणजे चौदा लाखांच्या आसपास मुलांनी घटला.

गोव्यात अशी हद्द नाही. पर्वरीच्या शिक्षण खात्यातून परिपत्रक निघते आणि ते पोळेपासून पत्रादेवीपर्यंत सगळ्यांना लागू होते. तालुक्याला भागशिक्षणाधिकारी असतो, पण शाळा उघडायची की नाही हे ठरवणे त्याच्या हाती नसते. म्हणजे विर्नोड्यातली शाळा बंद आहे म्हणून मूल म्हापशाला घालावे, तर म्हापशातलीही बंदच. मग दाखला काढण्याचा प्रश्न उभा राहिलाच कसा? त्याची मुळे साथीच्या कितीतरी आधीची आहेत.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीचे, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातले तालुके. डिचोली १७८१च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, पेडणे १७८८मध्ये कायमचे गेले. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत चर्चच्या आणि पोर्तुगीज शाळांची जी परंपरा रुजली ती इथे फारशी पोचली नाही. इथे शिकायचे ते पंतोजीकडे, देवळाच्या सोप्यावर, मराठीत. ज्याला पुढे शिकायची हौस आणि ऐपत होती त्याने सावंतवाडी, बेळगाव किंवा मुंबईची वाट धरली. शिक्षणासाठी मूल गावाबाहेर पाठवणे ही या भागात पोर्तुगीज अमदानीपासूनची रीत होती.

ती मोडली मुक्तीनंतर. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, डिसेंबर १९६३मध्ये दयानंद बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव, वाड्यावाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा हे बांदोडकरांच्या कारकिर्दीचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल. पहिली ते चौथी, एक-दोन शिक्षक, कौलारू इमारत. आज साठी-पासष्टीत असलेल्या पेडणेकराला अक्षरओळख झाली ती बहुधा अशाच शाळेत.

पुढच्या पिढीत वारे फिरले. १९९०मध्ये सरकारने प्राथमिक स्तरावर फक्त मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले. त्या वेळी शिक्षण खाते बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे होते. २०११मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची दारे उघडली आणि त्यावरून गोव्यात जो भाषावाद पेटला तो पुढची पाच-सहा वर्षे धुमसत राहिला. सभा झाल्या, मोर्चे निघाले, भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. पण पालकांनी सभेत जे ऐकले त्यापेक्षा घरी वेगळेच ठरवले. त्याच सुमाराला 'बालरथ' योजना आली. अनुदानित शाळांना सरकारी पैशाने पिवळ्या बसगाड्या मिळाल्या आणि त्या गाड्या वाड्यावाड्यांवरून मुले उचलून शहरातल्या, नाक्यावरच्या मोठ्या शाळांत नेऊ लागल्या. म्हणजे एका हाताने सरकार गावच्या शाळेचा शिक्षक पोसत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच शाळेतली मुले बाहेर न्यायला गाडी देत होते. असे का, हे कुणी सरकारला सभागृहात नीट विचारले असते, तर उत्तर देणे अवघड गेले असते.

तेव्हा मार्च २०२०मध्ये घंटा थांबली त्या वेळी गावची शाळा सोडणे हे नवे नव्हतेच. नवे होते ते हे, की बालरथ उभे राहिले, वर्ग बंद झाले, आणि शाळा-शाळांत जो फरक इमारतीचा, गणवेशाचा, इंग्रजीचा होता तो एकाएकी मोबाइलच्या पडद्यावर येऊन ठेपला.

त्यात घरची मिळकत आटली होती. डिचोली हा खाणींचा तालुका. शिरगाव, मुळगाव, लामगाव, पाळी, वेळगे या पट्ट्यात कुणाचे ट्रक, कुणाच्या बार्ज, कुणाचे गॅरेज, कुणाची खाणीवर नोकरी. २०१२मध्ये खाणी पहिल्यांदा थांबल्या. पुन्हा सुरू होतात न होतात तोच सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या निकालाने १६ मार्च २०१८पासून त्या ठप्प झाल्या. ट्रकचे हप्ते थकलेल्या घरात दोन वर्षांनी साथ आली. पेडण्याची किनारपट्टी, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी, पर्यटकांवर जगते. तिथले शॅक आणि खोल्या मार्चपासून ओस पडल्या. २०११च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची ९८ हजार होती. एवढ्या लहान तालुक्यांत एक धंदा बसला की त्याची झळ चार घरे सोडून पाचव्याला लागतेच. विनाअनुदानित शाळेत मूल घातलेल्या पालकाला आता फी भरायची ती कशातून आणि कशासाठी, असे दोन्ही प्रश्न पडले.

शेजारी राज्याची सीमा. पेडण्याला लागून सावंतवाडी तालुका, डिचोलीला लागून दोडामार्ग. या सीमेवरून रोज माणसे कामाला येतात, सोयरिकी होतात, मुलेही शाळेला येतात. टाळेबंदीत पत्रादेवीला आणि दोडामार्गला नाके बसले आणि ही रोजची वाट तुटली. एप्रिलमध्ये गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले होते आणि मे उजाडताना राज्याचे दोन्ही जिल्हे 'हिरव्या' यादीत होते. त्या भरवशावर गोवा बोर्डाने राहिलेली दहावीची परीक्षा घेण्याचे ठरवले. न्यायालयात आव्हान, पालकांचा विरोध, वर्तमानपत्रांतून चर्चा, सारे झाले. अखेर २१ मेपासून ६ जूनपर्यंत एकोणीस हजारांहून अधिक मुलांनी मास्क बांधून पेपर लिहिले. परीक्षा केंद्रांच्या जोडीला उपकेंद्रे वाढवून मुले पांगवली होती. सीमेपलीकडे अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय करावी लागली. देशात सीबीएसईसह अनेक मंडळे उरलेल्या पेपरांचे काय करायचे यावर खल करत असताना या चिमुकल्या राज्याने परीक्षा पार पाडली. २८ जुलैला निकाल लागला, ९२.६९ टक्के.

या परीक्षेचा एक परिणाम फारसा नोंदला गेला नाही. पालकांची समजूत झाली की मनात आणले तर सरकार शाळा भरवू शकते. नंतरच्या दीड वर्षात जेव्हा जेव्हा 'अजून वेळ आली नाही' असे सांगण्यात आले, तेव्हा मे महिन्यातला तो पराक्रम लोकांना आठवत होता.

जूनपासून ऑनलाइन शिक्षण सुरू झाले. सांगे तालुक्यात नेत्रावळी अभयारण्याजवळच्या कुमारीच्या डोंगरावर मुले रेंजसाठी चढून बसतात, ही बातमी त्या पावसाळ्यात देशभर छापून आली. पाऊस, जळवा, साप आणि हातात वडिलांचा फोन. डिचोली आणि पेडणे तेवढे दुर्गम नाहीत; तरी कुळागराच्या खोलगट भागात, नदीकाठच्या वाड्यांवर, डोंगराच्या आडोशाला रेंज मिळायची ती ठरावीक जागी. कुणाच्या अंगणाचा कोपरा, कुणाच्या काजूच्या बागेतला उंचवटा. मोबाइल टॉवरला आदल्या वर्षापर्यंत विरोध करणाऱ्या गावांत आता टॉवर कधी येणार अशी विचारणा होऊ लागली. सरकारने २०२०मध्ये दूरसंचार पायाभूत सुविधांचे धोरण आणले, पण धोरणाने त्या पावसाळ्यात रेंज येणार नव्हती.

घरातला फोन तर बहुधा एकच. तो घेऊन वडील सकाळी कामाला गेले की वर्ग संध्याकाळी. दोन मुले असली तर दहावीच्या मुलाचा हक्क पहिला, तिसरीतल्या मुलीचा उरलेल्या वेळेवर. शिक्षिका व्हॉट्सअॅपच्या गटावर गृहपाठाचे पान टाकत. आई ते रात्री वहीत उतरवून घेई. मूल दुसऱ्या दिवशी लिही. त्याचा फोटो परत गटावर. या पद्धतीत पहिली-दुसरीच्या वर्गाचा खरा शिक्षक आईच होती. तिचे शिक्षण कोणत्या माध्यमात झाले, याला एकदम महत्त्व आले. मराठी शाळेत शिकलेल्या आईला मराठी वाचनपाठ घेणे सोपे होते. इंग्रजी शाळेच्या गटावर येणाऱ्या सूचना तिला शेजारणीकडून समजून घ्याव्या लागत. मूल इंग्रजीत घातले ते शाळा शिकवील या भरवशावर. तो भरवसाच आता उरला नव्हता.

शाळा बंद झाल्याने आणखी एक गोष्ट थांबली, ती म्हणजे माध्यान्ह आहार. गोव्यात तो गावच्या महिलांचे स्वयंसाहाय्य गट करतात. पाव-भाजीचे ते पातेले जसे मुलांच्या पोटाचे होते, तसे त्या बायकांच्या मिळकतीचेही. शाळेशी बांधलेली किती घरे असतात हे शाळा बंद पडल्यावरच मोजता आले.

अशा घरांसमोर वाटा तीन होत्या. आहे तिथेच थांबायचे आणि वर्ष कसेबसे काढायचे. विनाअनुदानित शाळेतून काढून अनुदानित किंवा सरकारी शाळेत घालायचे, म्हणजे निदान फी तरी वाचेल. किंवा गाव सोडून आपल्या माणसांकडे जायचे: बांधकामावर, हॉटेलात, मासेमारीत राबणारी कर्नाटकातली, उत्तरेकडची कुटुंबे टाळेबंदी सैल होताच मुलाबाळांसह परतली, आणि त्यांच्यातली कित्येक मुले ज्यांच्या पटावर होती त्या शाळा सरकारी होत्या.

दुसऱ्या वाटेने देशभरात किती जण गेले याचा अंदाज 'असर' या ग्रामीण पाहणीतून येतो. सहा ते चौदा वयाची सरकारी शाळांत नाव असलेली मुले २०१८मध्ये ६४.३ टक्के होती, २०२०मध्ये ६५.८ आणि २०२१मध्ये ७०.३ टक्के झाली. खासगी शाळांतला वाटा याच काळात ३२.५ वरून २४.४ टक्क्यांवर आला. अनेक वर्षे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह उलटा फिरला होता. हे आकडे गोव्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे 'खासगी' म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक शाळा सरकारी अनुदानावर चालतात, त्यामुळे फी हे कारण तेवढे धारदार नाही. पण दिशा कळते.

कायदा पालकाच्या बाजूने होता. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे करण्यासाठी मुलाला एका शाळेतून सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तरीही फी थकली की दाखला अडकतो, हा अनुभव देशभरचा. फीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३ मे २०२१च्या राजस्थानसंबंधीच्या निकालात न्यायालयाने, शाळांचा जो खर्च वाचला त्यापोटी फीमध्ये १५ टक्के सूट द्यावी, असे म्हटले.

हा शाळा सोडल्याचा दाखला एकदा नीट पाहण्यासारखा असतो. रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक 'चांगली', आणि त्याखाली एक रकाना: शाळा सोडण्याचे कारण. तिथे वर्षानुवर्षे ठरलेली एक-दोन उत्तरे लिहिली जातात, 'पालकांच्या विनंतीवरून' किंवा 'पुढील शिक्षणासाठी'. २०२०-२१मध्ये निघालेल्या दाखल्यांतही तेच. रेंज नव्हती, फी झेपली नाही, ट्रक विकला, बाप परतला नाही, यांतले काही त्या रकान्यात येत नाही. उद्या कुणी संशोधक या तालुक्यांची जनरल रजिस्टरे घेऊन बसला तर त्याला तारखा सापडतील, कारणे सापडणार नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२०ला गोव्यात दहावी आणि बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरले. कॅसिनो त्याच्या वीस दिवस आधी, १ नोव्हेंबरला उघडले होते. पुढे ढकललेली जिल्हा पंचायतीची निवडणूक १२ डिसेंबरला झाली आणि रिवाजाप्रमाणे मतदान केंद्रे शाळांच्या इमारतींतच होती. लहान मुलांसाठी ज्या खोल्या धोक्याच्या होत्या, त्यांत मोठी माणसे रांग लावून गेली आणि बोटाला शाई लावून आली.

सीमेपलीकडे चित्र निराळे होते. महाराष्ट्राने नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२०पासून उघडायला परवानगी दिली, म्हणजे गोव्याच्या बरोबरीनेच. पण २७ जानेवारी २०२१पासून तिथे पाचवी ते आठवीही सुरू झाली. गोव्यात खालच्या वर्गांचा निर्णय पुढे पुढे सरकत राहिला. दोडामार्ग आणि डिचोली, बांदा आणि पत्रादेवी यांच्यात अंतर ते काय? सीमेच्या या बाजूची पाचवीतली मुलगी फोन धरून अंगणात, आणि त्या बाजूची तिची मावसबहीण दप्तर घेऊन शाळेत. अमेरिकेतल्या आईबापांना जो प्रश्न हद्दीवरून पडला होता, तो इथे राज्याच्या सीमेवर येऊन उभा राहिला. तरी त्यापायी दाखला काढणे सोपे नव्हते. मंडळ बदलते, पुस्तके बदलतात, दहावीनंतर गोव्यातल्या प्रवेशांसाठी लागणाऱ्या रहिवासाच्या अटी आड येतात. आजोळी मूल ठेवून शाळेत बसवता येते, पण एका वर्षाच्या सोयीसाठी गोव्याचा दाखला हातचा घालवायला पालक धजत नसे. हिशेबात ही बाजू बहुतेक वेळा जड भरली.

मग दुसरी लाट आली आणि हिशेबच पुसून गेला. मे २०२१च्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांमागे एक बाधित निघत होता. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) रात्रीच्या वेळी प्राणवायूअभावी माणसे दगावल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या घरात तिरडी निघाली त्या घराला शाळेची आठवण करून देणे क्रूरपणाच ठरला असता. शाळा उघडा म्हणणारा आवाज त्या महिन्यांत कुठेच नव्हता, आणि सरकारच्या धिमेपणाला लोकांनी पुढे जे सांभाळून घेतले त्यामागे या मे महिन्याची धास्ती होती. त्यातच १५-१६ मेला तौक्ते चक्रीवादळाने झाडे आणि विजेचे खांब आडवे केले. २३ जुलैला महापूर आला. सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या नदीकाठी घरांत पाणी शिरले. वीज नाही, रेंज नाही, काही घरांत वह्या-पुस्तकेही नाहीत. दहावीची परीक्षा त्या वर्षी रद्द झाली आणि अंतर्गत गुणांवर लावलेला निकाल ९९ टक्क्यांच्या वर गेला. पेढे वाटले गेले, पण अकरावीच्या प्रवेशासाठी मुलाला खरोखर किती येते हे शाळेला, पालकाला आणि मुलालाही ठाऊक नव्हते.

२०२१च्या उत्तरार्धात शेजारी पुन्हा पुढे निघाले. कर्नाटकाने सहावी ते आठवी सप्टेंबरात आणि पहिली ते पाचवी २५ ऑक्टोबरला उघडली. महाराष्ट्राने ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला आणि प्राथमिकचे १ डिसेंबरला. गोव्यात कॅसिनो २० सप्टेंबरला निम्म्या क्षमतेने सुरू झाले. नववी ते बारावीचे वर्ग १८ ऑक्टोबरला. दुसऱ्यांदाही जुगाराची बोटच आधी. कॅसिनोतून राज्याला महसूल मिळतो आणि तिसरीच्या वर्गातून मिळत नाही, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. नोव्हेंबरात खालच्या वर्गांचीही घोषणा झाली, संमतिपत्रे आणि नियमावल्या निघाल्या, कुठे पालक-शिक्षक संघाने होकार दिला तर कुठे आणखी थोडे थांबू म्हटले. इतके दिवस शाळा उघडत नाहीत म्हणून कुरकुरणारे पालक प्रत्यक्ष सही करायची वेळ येताच कचरले, हेही नोंदवायला हवे. लस मोठ्यांना मिळाली होती, मुलांना नव्हती.

जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि ४ तारखेपासून २६ जानेवारीपर्यंत शाळा पुन्हा बंद झाल्या. बंदी पुढे लांबली. महाराष्ट्राने २४ जानेवारीपासून शाळा उघडण्याची मुभा स्थानिक प्रशासनाला दिली होती. गोवा विधानसभेच्या निवडणुकीत गुंतला होता. १४ फेब्रुवारीला मतदान झाले, पुन्हा शाळांच्याच खोल्यांत. खाण, कॅसिनो, पक्षांतर, नोकऱ्या, मोपा विमानतळाच्या जमिनी, यांवर प्रचारसभा गाजल्या. दोन वर्षे बंद असलेली शाळा हा कुठल्याच पक्षाचा मुख्य मुद्दा नव्हता.

योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारी २०२२ला, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मतदारांनी शिक्षण मंडळाच्या तिघा सदस्यांना मुदतीआधीच घरी बसवले. त्या शहरात शाळा इतक्या रेंगाळल्या की फेब्रुवारी २०२१मध्ये खुद्द शहर प्रशासनाने आपल्याच शिक्षण मंडळावर दावा लावला होता. तिथे पालकांचा राग जाऊन बसायला एक मंडळ होते, त्याचे निवडलेले सदस्य होते. पेडण्यातल्या पालकाने राग काढायचा कुणावर? पंचायतीकडे शाळेचा अधिकार नाही, भागशिक्षणाधिकारी निवडून येत नाही, आणि शिक्षण खाते स्वतः मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्याकडे. ते डिचोली तालुक्यातल्याच साखळी मतदारसंघाचे आमदार. १० मार्चला मतमोजणीत ते अवघ्या ६६६ मतांनी निवडून आले. त्या निसटत्या विजयामागे शाळांचा राग होता असे म्हणायला पुरावा नाही, आणि नव्हता असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

२१ फेब्रुवारीपासून पहिली ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरवण्याचा निर्णय झाला. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे भारतात पूर्ण किंवा अंशतः शाळाबंदी ८२ आठवड्यांच्या घरात गेली होती. याहून लांब बंदी युगांडासारख्या एखाद्याच देशात होती. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात नियमित बसू लागले तेव्हा दुसरीचे वर्ष संपत आले होते. त्याला रांगेत उभे राहणे, बाकावर तास काढणे, शेजाऱ्याचे खोडरबर परत देणे, हे सगळे पाढ्यांच्या आधी शिकवावे लागले. काही मुलांना फळ्यावरचे अक्षर वाचता येत नव्हते आणि फोनवर व्हिडिओ मात्र शोधता येत होता.

जून २०२२मध्ये पूर्ण वर्ष सुरू झाले, बालरथ धावू लागले, आणि साथीत उलटा फिरलेला प्रवाह पुन्हा आपल्या जुन्या उताराला लागला. त्याच पावसाळ्यात कमी पटाच्या, एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळांच्या विलीनीकरणाची चर्चा सुरू झाली. सरकारचे म्हणणे असे की दहा मुलांसाठी एक शिक्षक चारही वर्ग सांभाळतो, त्यापेक्षा चार शाळा एकत्र करून प्रत्येक वर्गाला शिक्षक द्यावा. विरोधकांचे म्हणणे असे की ज्या शाळेचा पट सरकारच्याच गाड्यांनी रिकामा केला, ती आता पट नाही म्हणून मिटवणे ही लबाडी आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून पहिले मांडले जाते, तेव्हा मराठी शाळांचा प्रश्न नुसता भाषाप्रेमाचा ठरतो आणि सरकार मोकळे सुटते.

साथीत जे थांबले त्यांनी बरे केले की जे गेले त्यांनी, याचा निवाडा गुणपत्रिकांवरून लागत नाही. ज्यांची आई घरी होती आणि वाचू शकत होती, त्यांचे कुठल्याही शाळेत निभावले. फी वाचवून ज्यांनी सरकारी शाळा धरली, त्यांतल्या काहींनी कमाई सुरू होताच पुन्हा दाखला काढला. आणि जी मुले २०२०च्या जूनमध्ये पहिलीत आली होती, ती मार्च-एप्रिल २०२४मध्ये चौथी झाली. गावची सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीसाठी त्या तुकडीतल्या प्रत्येकाला शाळा बदलावीच लागली: कुणाला पेडण्यात, कुणाला डिचोलीत, कुणाला म्हापशात. त्या वर्षीच्या दाखल्यांवर 'पुढील शिक्षणासाठी' हे कारण लिहिले गेले, आणि ते खरे होते.